न भरणारी खपली

कर्करोगाचे नाव काढले की माणूस दचकतो. आज ज्या कर्करोगाविषयी सांगायचे आहे तो मात्र या सगळ्या गोतावळ्यात फार संथ आणि वेळीच गाठला तर हमखास म्हणावा इतका बरा होणारा. त्याची खोड एकच, तो बहुधा दुखत नाही. आणि जे दुखत नाही त्याच्यासाठी सुगीचे दिवस सोडून तालुक्याला कोण जाणार?

आधी कातडीची रचना पाहू या. वरची कातडी म्हणजे पेशींचे एकावर एक रचलेले थर. नव्या पेशी जन्मतात त्या सर्वांत खालच्या, तळच्या थरात. तिथून त्या हळूहळू वर सरकतात, वाटेत चपट्या होतात, वाळतात आणि महिना-सव्वा महिन्यात गळून पडतात. आंघोळीला अंग चोळताना जो मळ निघतो, त्यात या मेलेल्या पेशीही असतात. जितक्या गळाल्या तितक्याच नव्या आल्या, की हिशेब जुळला. पण तळच्या थरातल्या एखाद्या पेशीत बिघाड होतो आणि तिला थांबायचे कळेनासे होते. ती वाढतच राहते. हाच तळपेशींचा कर्करोग. डॉक्टर त्याला ‘बेसल सेल कार्सिनोमा’ म्हणतात.

हा बिघाड मुख्यतः वर्षानुवर्षांच्या उन्हाने होतो. आपल्या सावळ्या कातडीतला रंग उन्हाला छत्रीसारखा आडवा येतो. म्हणून गोऱ्या कातडीच्या लोकांत हा सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग असला, तरी आपल्याकडे त्याचे प्रमाण कमी आहे. कमी आहे म्हणजे नाही, असे नव्हे. उन्हाखेरीज सोमल हेही एक कारण. पश्चिम बंगालमध्ये जमिनीतल्या सोमलाचे पाणी वर्षानुवर्षे प्यालेल्या लोकांत कातडीचे कर्करोग दिसून आले आहेत.

(आपल्याकडे ‘धोतराचा कर्करोग’ ऐकिवात असतो, तो हा नव्हे. कमरेला धोतर घट्ट आवळण्याच्या जागी होणारा तो कर्करोग मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली नोंदवला. त्याची जात निराळी.)

आता हा ओळखावा कसा? बहुतेक वेळा तो तोंडावरच होतो. नाक, डोळ्याचा नाकाकडचा कोपरा, पापणी, गाल, कान या त्याच्या आवडत्या जागा. सुरुवातीला तांदळाएवढी गाठ येते. ती मोत्यासारखी चकाकते. पुस्तकांतल्या चित्रांत ती गुलाबी असते, पण आपल्या कातडीवर बहुधा काळसर दिसते आणि तीळ किंवा चामखीळ म्हणून खपून जाते. पुढे तिच्या मध्यावर खळगा पडतो आणि काठ वळकटीसारखा उचललेला राहतो. तोंड पुसताना किंवा दाढी करताना रक्ताचा थेंब येतो. त्यावर खपली धरते.

खरी फसगत होते ती इथे. खपली धरली की माणसाला वाटते, भरले! आठ-पंधरा दिवसांनी ती निघते, पुन्हा ओल, पुन्हा खपली. असे वर्ष जाते, दोन वर्षे जातात. साधी जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येते. जी महिनाभरात भरली नाही, किंवा भरून पुन्हा पुन्हा उघडते, तिला साधी समजू नका. डब्लिनचे डॉ. आर्थर जेकब यांनी १८२७ साली पापणीवरच्या अशाच चिवट व्रणाचे वर्णन केले. पुढे इंग्रजीत त्याला उंदरासारखा कुरतडणारा व्रण असे नाव पडले, आणि ते सार्थच आहे. हा रोग शरीरात दूरवर क्वचितच पसरतो. पण जागच्या जागी पोखरत जातो. दहा वर्षे दुर्लक्ष झाले तर नाकाची पाळी जाते, डोळ्याच्या खोबणीपर्यंत आणि हाडापर्यंतही मजल जाते.

या मधल्या काळात आपण काय काय लावतो! चुना, बिब्बा, कोणी तापल्या सळईचा डाग देतो. बिब्ब्याने वरची कातडी भाजते, खाली रोग तसाच राहतो, आणि डॉक्टरांनाही मूळ व्रण ओळखू येईनासा होतो. कोणी महारोगाच्या संशयाने तोंडावर पदर घेऊन घरात बसते. महारोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो. शिवाय तोही आता औषधाने बरा होतो. हा कर्करोग तर कोणाला लागतच नाही. एका ताटात जेवा, लेकराला मांडीवर घ्या.

“सुरी लागली की कर्करोग पसरतो,” असे पारावर सांगणारे भेटतील. या रोगाबाबत तरी ते खोटे आहे. जागा बधिर करून डॉक्टर लहानसा तुकडा काढतात व तपासायला पाठवतात. खात्री झाली की भोवतालची थोडी निरोगी कातडी धरून गाठ काढून टाकतात. लहान गाठ असेल तर माणूस त्याच दिवशी घरी येतो, आणि शंभरातले नव्वदाहून अधिक रोगी एवढ्यावरच बरे होतात. डोळ्याजवळची किंवा मोठी गाठ असेल तर दुसरीकडची कातडी आणून लावावी लागते. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला किरणांचे उपचार देतात.

गुरुजनांना एक विनंती. जन्मापासून केस आणि कातडी पांढरी असलेले मूल तुमच्या वर्गात असेल, तर ते कोड नव्हे. कोड मागाहून येते. या मुलाच्या कातडीत रंगाची छत्रीच नाही. त्याला दुपारच्या कवायतीला मैदानावर उभे करू नका. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी घालू द्या, शाळेचा गणवेश काही म्हणो. त्याची नजरही बहुधा अधू असते, तेव्हा पुढच्या बाकावर बसवा. शेतकरी बंधूंनी एवढे ध्यानात घ्यावे की गांधी टोपीने डोके झाकते, नाक आणि कान उन्हातच राहतात. पटक्याचा शेव कानांवरून घ्यावा, भर दुपारी झाडाखाली बसावे.

एकदा हा रोग झालेल्याला दुसरीकडे पुन्हा होऊ शकतो. म्हणून वर्षातून एकदा तरी तोंड, कान, मान डॉक्टरांना दाखवावी, आणि तपासणीचा कागद रेशनकार्डाबरोबर जपून ठेवावा. पुढच्या खेपेला डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतात.