प्रवाळकुंडाचा प्रकाश

समुद्रापासून दूर, ऐन वैशाखात पारा चाळिशी गाठणाऱ्या अहिल्यानगरात प्रवाळकुंड मांडू इच्छिणाऱ्याने प्रथम कायद्याची खातरजमा करावी. अश्मप्रवाळ 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने मालवणच्या सागरतळावरून त्याचा तुकडाही उचलण्यास सक्त मनाई आहे, आणि ती सर्वथा योग्यच होय.

त्यानंतर कुंडाच्या दिव्याची निवड करताना केवळ वॅटवर भुलू नये. कारण प्रवाळाच्या पेशींत वसणारी सूक्ष्म शैवले ज्या प्रकाशाच्या आधारे अन्न निर्माण करतात, त्यात 400 ते 500 नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या किरणांचा वाटा मोठा असतो. मेटल हॅलाइडचा दिवा प्रखर खरा, परंतु त्याच्या उष्णतेने पाणी तापते, आणि अतितप्त पाण्यात प्रवाळ ती शैवले त्यागून पांढरे पडते. म्हणून येथे मंद-प्रखर करता येणारा एलईडीच श्रेयस्कर, तोही आरंभी मंद ठेवून क्रमाक्रमाने वाढवावा.