विष करणारा स्वतः कसा वाचतो?

वाशिमच्या काळ्या रानात मृगाचा पहिला पाऊस पडला की जो वास सुटतो, त्यात जिओस्मिन या पदार्थाचा मोठा वाटा असतो. तो बनवतात मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस हे मातीतले जीवाणू. आपली बरीचशी प्रतिजैविकेही त्यांचीच देणगी. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. तिथे डॉ. थिरुमलाचार यांनी अशाच एका जीवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवले. जीवाणूचे नावही पिंपरीवरून पडले, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना!

हॅमायसिन बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटते. जीवाणूत अर्गोस्टेरॉल नसतेच, त्यामुळे ते बनवणाऱ्याला धोका नाही. पण १९४३ साली अमेरिकेत शाट्झ यांनी वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शोधलेले स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूंच्या रायबोसोमवरच घाव घालते, म्हणजे त्यांचे प्रथिने बनवण्याचे कामच बिघडवते. आणि ते बनवणारा ग्रिसियस हाही जीवाणूच. मग तो मरत कसा नाही? ‘त्याला सवय झालेली असते’ हे विद्यार्थ्यांचे नेहमीचे उत्तर. ते बरोबर नाही.

हा जीवाणू सदासर्वकाळ विष बनवत बसत नाही. वाढता वाढता तो ‘ए-फॅक्टर’ नावाचा छोटा रेणू सोडत राहतो. तो पुरेसा साचला की डीएनएवर ठाण मांडून बसलेल्या एका प्रथिनाला धरतो. ते प्रथिन सुटते आणि त्याने अडवलेले जनुक जागे होते. त्यातून दुसरे, त्यातून तिसरे, अशी साखळी स्ट्रेप्टोमायसिनच्या जनुकांपर्यंत पोचते. गंमत अशी, की साखळीतल्या शेवटच्या नियंत्रक जनुकाला लागूनच संरक्षणाचे जनुक असते आणि दोन्ही एकत्र वाचली जातात. संरक्षणाचे हे विकर स्ट्रेप्टोमायसिनला फॉस्फेट जोडून त्याचा दात पाडते. असा निरुपद्रवी रेणू पेशीबाहेर जातो. तिथे दुसरे विकर फॉस्फेट काढते, आणि मग तो विषारी होतो.

स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या निळा रंग देणाऱ्या भाईबंदाची तऱ्हा वेगळी. तिथे बाहेर फेकणाऱ्या पंपाचे जनुक एका प्रथिनाने दाबून ठेवलेले असते. ॲक्टिनोऱ्होडिन हे निळे प्रतिजैविक अर्धेमुर्धे तयार झाले, तरी ते रेणू या प्रथिनाला हटवतात. म्हणजे माल पुरता तयार होण्याआधीच दार उघडायला लागते.

१९७३ साली बेनव्हेनिस्टे आणि डेव्हिस यांच्या लक्षात आले, की मातीतल्या या जीवाणूंची संरक्षक विकरे आणि औषधाला दाद न देणाऱ्या रोगजंतूंमधली विकरे एकाच धाटणीची आहेत.