घरच्या घरी लाकडी पिरॅमिड

भिलाईच्या पोलाद कारखान्याला रात्र ठाऊक नाही. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टी अखंड पेटती ठेवावयाची, म्हणजे माणसांनीही तीन पाळ्या वाटून घ्यावयाच्या. रात्रपाळी करून कोणी सकाळी घरी परततो, तो मुलांची शाळेची घाई चाललेली असते. दोन खोल्यांच्या संसारात अशा माणसाने घटकाभर डोळे मिटून बसावे तरी कोठे?

ध्यानासाठी लाकडी पिरॅमिड हे त्याचे एक उत्तर होय. मात्र त्याविषयीच्या चमत्कारकथा आधी बाजूला साराव्यात. कारेल द्रबल या चेकोस्लोव्हाकियातील रेडिओ अभियंत्याने पिरॅमिडखाली दाढीच्या पात्याची धार टिकते, असा दावा करून 1959 सालीच पेटंट मिळविले. पुढे इतरांनी केलेल्या चाचण्यांत तो दावा टिकला नाही. तेव्हा दुखण्यावर वा निद्रानाशावर औषध म्हणून या आकाराकडे पाहू नये. त्याचा खरा गुण साधा आहे: चौकटीत बसलेल्या माणसाला सहसा कोणी हाक मारीत नाही. लहान मुलालाही ती सीमा दिसते.

गीझा येथील खुफूच्या पिरॅमिडचा पाया सुमारे 230 मीटर आणि मूळची उंची सुमारे 147 मीटर. त्याच प्रमाणात 180 सेंटिमीटरचा चौरस पाया घेतला, तर उंची सुमारे 115 आणि प्रत्येक तिरपा दांडा 171 सेंटिमीटर येतो. मांडी घालून बसणाऱ्यास एवढे पुरते. 4 सेंटिमीटर जाडीचे, चांगले वाळलेले सागवानी दांडे आणावेत. ओले लाकूड येथील उन्हाळ्यात पिळवटते. एकूण 14 मीटर लागते, तुटीसाठी थोडे अधिक घ्यावे.

करवतीला हात घालण्यापूर्वी मुलांकडून पुठ्ठ्याचे चार त्रिकोण कापून घ्यावेत. पाया 18, बाजू 17.1 सेंटिमीटर. ते जोडले की दहापट लहान नमुना तयार होतो. शेंड्याशी चार टोके एकमेकांस नीट भिडविणे हेच खरे अवघड काम. तेथे सुताराकडून लाकडी ठोकळा घडवून घ्यावा व दांडे स्क्रूने त्यात बसवावेत. लोखंडी खिळा वर्ज्य, असे काही जण सांगतात. पोलादाच्या गावात हा सोवळेपणा कशाला?

बाजू उत्तराभिमुख हवी असल्यास होकायंत्रावर विसंबू नये. लोखंडी कपाट जवळ असले की सुई बहकते. अंगणात काठी सरळ रोवून दुपारची सर्वांत आखूड सावली पाहावी. ती दक्षिणोत्तर असते. मेअखेरीस व जुलैच्या मध्यास मात्र भिलाईत सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो आणि सावलीच हाती लागत नाही.

चौकटीवर पातळ सुती कापड टाकता येते. निरांजन वा उदबत्ती बाहेरच ठेवावी. पाहुणे आले की स्क्रू सोडावेत. आठही दांडे खाटेखाली मावतात.