माळावरच्या गारा, हट्टीचे सोने

सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या शिवारात नवी विहीर पाडायला घेतली, की यारीच्या डब्यातून वर येणारा माल पाहूनच जाणकार खाली काय लागले ते सांगतो. वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, पुढे घणाला दाद न देणारा पाषाण, आणि मध्येच कुठे गेरूसारखा लाल पट्टा. मांजऱ्या लागला की पाण्याची आशा वाढते. पाषाण लागला की सुरुंगाचा खर्च वाढतो. शेतकऱ्याचा हिशेब इथे संपतो आणि उपसलेला ढीग बांधाला पडून राहतो. पण मांजऱ्यातल्या त्याच पांढऱ्या ठिपक्यांचे मोठे भाऊबंद जगभरच्या संग्रहालयांत काचेआड मांडलेले आहेत.

विहिरीतली ही उतरंड म्हणजे महाराष्ट्राच्या जन्माची कागदपत्रे आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हारस बाहेर आला, पसरला, थिजला. काही काळाने त्यावर पुन्हा नवा थर आला. असे एकावर एक थर साचून दख्खनचे पठार झाले. झीज होऊनही आज ते सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. प्रत्येक थरातला वायू बुडबुड्यांनी वर चढला आणि माथ्याशी अडकला, म्हणून थराचा वरचा भाग भोकांचा, तोच मांजऱ्या. खालचा भाग सावकाश निवला, म्हणून घट्ट, तोच पाषाण. दोन थरांच्या मधल्या काळात ऊन-पाऊस खाऊन कुजलेला पृष्ठभाग पुढच्या लाव्ह्याखाली गाडला गेला, तो लाल पट्टा. बोअर मारताना काळ्या भुकटीत मध्येच लाल भुकटी येऊ लागली, तर यंत्र अशाच दोन थरांच्या सांध्यातून जात असते.

रिकामी भोके पुढे रिकामी राहिली नाहीत. खडकातून झिरपणारे गरम पाणी वाटेतली सिलिका, चुना, ॲल्युमिनियम विरघळवत आले आणि पोकळ्यांमध्ये ते सावकाश साचवत गेले. जिथे नुसती सिलिका साचली तिथे गारगोटी, अकीक किंवा स्फटिक तयार झाले. जिथे चुना आणि ॲल्युमिनियमही मिसळले तिथे झिओलाइट गटातली खनिजे वाढली: पेंढीसारखे बांधलेले मोतिया रंगाचे स्टिलबाइट, सुयांचे पंखे उघडणारे स्कोलेसाइट, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झाक असलेले ह्युलँडाइट. त्यांच्या शेजारी, पण त्या गटात न मोडणारे, चौकोनी मनोऱ्यांचे अपोफिलाइट. पोकळी मोठी आणि पाणी निवांत असले, तर स्फटिकांना हवी तशी वाढायला जागा मिळते. सुपारीएवढ्या पोकळीपासून माणूस आत बसेल एवढ्या गुहेपर्यंत अशा जागा दख्खनमध्ये निघालेल्या आहेत.

असे दगड शोधायला कोरडा मुलूख उपयोगी पडतो. अमेरिकेत हौशी दगडवेचे ॲरिझोना-नेवाडाच्या वाळवंटात फिरतात, कारण तिथे खडक झाडोऱ्याखाली झाकलेला नसतो. सोलापूर जिल्हा वाळवंट नव्हे, पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या भागात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. माळरानावर मातीचा थर पातळ, गवत खुरटे आणि दगड उघडा. काळ्या रानात सापडणारे चुनखडीचे पांढरे गोटे हीसुद्धा कोरड्या हवेचीच खूण आहे. भरपूर पावसाच्या प्रदेशात चुना धुऊन निघून जातो. इथे तो थोडा खाली उतरतो, पाणी वाफ होऊन उडते आणि चुना जमिनीतच गोळा होतो. म्हणून जुन्या नदीगाळात असे गोटे आढळले, की भूशास्त्रज्ञ ते थर साचत असतानाच्या हवामानाचा अंदाज बांधतात.

दगड शोधायचा हंगाम वळवाच्या पहिल्या दोन-चार सरींनंतरचा. धूळ धुतली जाते, तिरप्या उन्हात गारा चमकतात आणि अजून गवत उगवलेले नसते. टेंभुर्णीकरांना दुसरी मोठी सोय उजनीची. भीमेवरचे हे 117 टीएमसीचे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. उन्हाळ्यात पाणी मागे हटले, की पळसदेवचे जुने मंदिर जसे उघडे पडते, तशीच काठाची गोटाळ जमीनही. नदीने वरच्या मुलखातून घोळवत आणलेल्या गोट्यांत मेणासारखे अर्धपारदर्शक, करडे-तपकिरी अकीक मिळतात. ओला गोटा सूर्यासमोर धरला आणि कडेने उजेड आरपार आला, तर तो पिशवीत टाकावा. गाळ मात्र दगाबाज असतो, तिथे एकट्याने उतरू नये.

ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रिडरिश मोह्स याने 1812 मध्ये मांडलेली कठीणतेची दहा पायऱ्यांची शिडी पुरते. सर्वांत मऊ शंखजिरे पहिल्या पायरीवर, हिरा दहाव्या. नखाने ओरखडा उठला तर खनिज अडीचच्या खाली. गारगोटी सातव्या पायरीवर, ती काचेवर सहज रेघ ओढते. कॅल्साइट तिसऱ्या पायरीवर, चाकूने ओरखडते आणि त्याच्या भुकटीवर लिंबू पिळले की फसफसते. स्टिलबाइट साडेतीन-चारच्या आसपास, लिंबाला दाद देत नाही आणि पापुद्र्यांनी सुटते. चाकू, काचेचा तुकडा, लिंबू आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग, एवढ्या सामानावर शाळकरी मुलगाही निम्म्याअधिक दगडांची पहिली विभागणी करू शकतो.

दगड फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण पाषाणाची कपची काचेसारखी उडते. स्फटिकावर हातोडी मारायची नाही. भोवतीचा खडक छिन्नीने सोडवायचा आणि तुकडा खडकासकट उचलायचा. झिओलाइटमध्ये पाणी असते, म्हणून त्यांना उकळणे किंवा ॲसिडात बुडवणे म्हणजे घात. ओकेनाइटचे पांढरे केसाळ गोळे तर पाण्यानेही धुवायचे नाहीत, तंतू एकमेकांना चिकटतात ते पुन्हा मोकळे होत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट चिठ्ठी. गाव, शिवार, विहीर की खाण की नदी, किती फुटांवर, कोणत्या तारखेला, हे त्याच दिवशी लिहून दगडासोबत ठेवले नाही तर तो दगड शोभेपुरता उरतो. अभ्यासकाच्या दृष्टीने दगडाचे निम्मे मोल त्या चिठ्ठीत असते.

या काळ्या खडकाची कीर्ती नवी नाही. 1856 ते 1863 या काळात बोरघाटातून लोहमार्ग नेताना कातळ फोडला गेला, तेव्हा निघालेले अपोफिलाइट आणि स्टिलबाइटचे नमुने युरोपातल्या संग्रहांत पोचले. पुढे पुण्याच्या पाषाण परिसरातले हिरवे अपोफिलाइट, मालाडच्या खाणींतले ओकेनाइट, जळगावकडच्या सावद्याचे नमुने, राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचे लखलखीत अपोफिलाइट अशी एकेका गावाची नावे परदेशी संग्राहकांच्या तोंडी बसली. सर्वांत मोठा मान वाघोलीचा. कॅव्हन्साइट हे गर्द निळे खनिज अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात 1967 मध्ये प्रथम हाती लागले, 1973 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन छापून आले. पण जगातले सर्वोत्तम कॅव्हन्साइट निघाले ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून, पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेल्या निळ्या फुलांच्या रूपात. ॲरिझोनातल्या टूसॉन गावी 1955 पासून दरवर्षी खनिजांचे प्रदर्शन भरते, तिथे दख्खनचे नमुने हमखास मांडलेले असतात. आपल्याकडे हा खजिना एकत्र पाहायचा तर सिन्नरला के. सी. पांडे यांनी उभारलेले ‘गारगोटी’ संग्रहालय आहे. टेंभुर्णीहून सहल काढावी अशी ती जागा आहे.

दख्खनच्या दगडाला परदेशी गिऱ्हाईक मिळण्याची गोष्ट त्याहून कितीतरी जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत नोंद आहे, की पैठणहून अकीक जातीचा दगड मोठ्या प्रमाणावर गाड्यांनी भडोच बंदराकडे जातो आणि तगरहून कापड. तगर म्हणजे बार्शीपलीकडचे तेर. आणखी मागे गेले, तर घोडनदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची गारगोटीच्या जातीच्या दगडाची धारदार पाती निघाली. तांबे महाग होते, दगड नदीत फुकट होता. घोडनदीचे पाणी भीमेत येते आणि भीमा उजनीत. तेव्हा जलाशयाकाठी एखादे लांबट, दोन्ही कडांना धार असलेले पाते दिसले, तर ते खिशात घालायचे नाही. जागेचा फोटो काढून जवळच्या पुरातत्त्व विभागाला किंवा महाविद्यालयाला कळवायचे.

एवढे सगळे सांगितल्यावर गावात हमखास विचारतात, की सोने निघते का?

काळ्या पाषाणात सोने शोधणे व्यर्थ आहे. पण पाषाणाच्या खाली काय आहे, हे सोलापूरच्या शेजारीच कळले. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतले. सुमारे 338 मीटरवर काळा खडक संपला आणि दक्षिण भारताचा अतिप्राचीन पाया लागला. म्हणजे लाव्ह्याचा गालिचा जिथे संपतो त्या कर्नाटकात जे खडक उघड्यावर दिसतात, तसलाच पाया आपल्याकडे झाकलेला आहे. सोलापूरहून विजापूरमार्गे दक्षिणेला गेले की रायचूर जिल्ह्यात हा गालिचा मागे पडतो, आणि तिथे हट्टी-मस्कीचा पट्टा सुरू होतो. खडक अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे, त्यांतल्या गारेच्या शिरांमध्ये सोने. देशात आज सोन्याची मोठी खाण चालू आहे ती हट्टीचीच.

हट्टीला आधुनिक कंपन्या येण्याच्या कितीतरी आधी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच, माणसे सोने काढत होती. जुन्या खाणी सहाशे फुटांहून खोल गेल्याचे आढळले. तेव्हा सुरुंगाची दारू नव्हती. खडकाला आग लावून तापवायचे, त्यावर पाणी ओतून तडकवायचे आणि तुकडे वर आणून दगडी उखळात कुटायचे, अशी ती रीत. त्या परिसरातल्या कातळावर कुटून पडलेले खळगे अजून दिसतात. सोन्याच्या मागावर हिंडणाऱ्याला वेगळेच धन सापडल्याचे उदाहरणही इथलेच. 1915 मध्ये बीडन नावाच्या इंग्रज खाण अभियंत्याला मस्कीच्या टेकडीवर कोरीव अक्षरे दिसली. तो अशोकाचा शिलालेख निघाला. ‘देवानांपिय’ म्हणवणारा राजा म्हणजे अशोकच, हे त्यातल्या नावाने पक्के झाले.

जुन्या यंत्रांचे वेड असलेल्याला सोन्याच्या खाणीसारखी दुसरी जागा नाही. एकोणिसाव्या शतकातल्या खाणीचा आवाज म्हणजे मुसळ-गिरणीचा आवाज. फिरत्या दांड्यावरचे उंचवटे लोखंडी मुसळे उचलायचे आणि ती आपल्या वजनाने गारेवर आदळायची, रात्रंदिवस. पाण्याबरोबर वाहणारा भुगा पारा चोपडलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडला जाई. सोने पाऱ्याला धरून राही, मग पारा आटवून उडवायचा. त्या वाफेने कामगारांची किती आयुष्ये नासली असतील! 1887 मध्ये ग्लासगोत सायनाइडची प्रक्रिया निघाली आणि पाऱ्याच्या हातून निसटणारे बारीक सोनेही मिळू लागले. कर्नाटकातल्याच कोलारला 1880 च्या सुमारास जॉन टेलर अँड सन्स कंपनी उतरली. 1902 मध्ये त्या खाणींसाठी कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून वीज आणली गेली. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्या आणि माणसे-माल वरखाली नेणारे उंच लोखंडी मनोरे तसेच उभे राहिले.

मुसळांच्या आधी मोठा धोंडा फोडायला आणखी एक यंत्र लागे. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये रस्त्यासाठी हाताने खडी फोडण्याच्या कष्टांवर उपाय म्हणून एली व्हिटनी ब्लेक याने दोन लोखंडी जबड्यांचे यंत्र रचले आणि 1858 मध्ये त्याचे पेटंट घेतले. एक जबडा स्थिर, दुसरा मागे-पुढे हलणारा. सोन्याच्या खाणींनी ते लगेच उचलले. टेंभुर्णीवरून जाणाऱ्या पुणे-सोलापूर महामार्गालगत धूळ उडवणारे खडी क्रशर याच तत्त्वावर चालतात. ज्याला जुने खाणयंत्र समजून घ्यायचे आहे, त्याने आधी गावच्या क्रशरमालकाची परवानगी काढून त्याचा जबडा काम करताना पाहावा.

महाराष्ट्रात सोने अजिबातच नाही असेही नाही. नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या खडकांत त्याचे अंश भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नोंदवले आहेत. आणि गाळ धुऊन सोने काढायची विद्या आपल्या शहरांत जिवंत ठेवली ती झारेकऱ्यांनी. सराफकट्ट्याची झाडलोट, भट्टीची राख, गटारातला गाळ गोळा करून ते पाटीत घोळवतात. जड कण तळाशी, हलकी माती पाण्याबरोबर बाहेर. कॅलिफोर्नियाच्या सोनेशोधकांची थाळी याच नियमाने चाले.

दगड वेचण्याला कायद्याची चौकट आहे आणि ती माहीत हवी. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजे, त्यांचा उपसा परवान्याशिवाय करता येत नाही. शेतात शिरायचे तर मालकाला विचारून, खाणीत जायचे तर सुरुंगाची वेळ टळल्यावर आणि मुकादमाच्या सोबतीने. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून काहीही उचलायचे नाही.

खरी घाई वेगळ्या कारणाने आहे. रुंद होणारे रस्ते, कालवे आणि बोगदे यांसाठी रोज कातळ फुटतो आहे, आणि स्फटिकांनी भरलेली पोकळी खडीच्या दृष्टीने निकामी माल असते, कारण ती रस्त्यात मजबुती देत नाही. फोडणाऱ्या वडार कामगाराच्या नजरेला ती सर्वांत आधी पडते. वाघोलीसारख्या ठिकाणी व्यापाऱ्यांनी हे ओळखले आणि खाणकामगारांकडून नमुने विकत घ्यायला सुरुवात केली, म्हणून ते वाचले. माढा-करमाळ्याकडे तसा घेणारा कोणी नाही. सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात भूशास्त्राचे संकुल आहे. तिथले विद्यार्थी आणि टेंभुर्णीतल्या शाळांचे विज्ञान शिक्षक यांनी दर उन्हाळ्यात नव्या विहिरींचे ढीग पाहून चिठ्ठीसह नमुने ठेवायला घेतले, तर पाच-सहा वर्षांत तालुक्याचा स्वतःचा खनिजसंग्रह उभा राहील. त्यासाठी वर्गातले एक रिकामे कपाट पुरेल.