वारा समोरून हवा

आपल्या भोर-वेल्ह्यातून उमऱ्याला किंवा आखातात नोकरीला निघालेली मंडळी बहुधा मुंबईहूनच विमानात बसतात. पावसाळ्यात तिथली विमानं समुद्राकडे तोंड करून धावतात, कारण वारा तिकडूनच येतो. वर्गात हे सांगितलं की मुलं आम्हालाच विचारतात, पाठीवर वारा असला तर सायकल जोरात पळते ना? पळते, पण विमानाला पंखांवरून वाहणारी हवा तोलते. त्या हवेचा वेग ताशी २६० किलोमीटर हवा असेल आणि समोरून ३० चा वारा असेल, तर जमिनीवर २३० पुरे. तोच वारा मागून आला की २९०! मग थांबायला धावपट्टी जास्त लागते, ओली असेल तर आणखीच.

७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून १९० जणांना घेऊन आलेलं विमान कोझिकोडला भर पावसात पहिल्यांदा न उतरता पुन्हा वर गेलं. दुसऱ्यांदा ते उलट्या टोकाकडून, वारा पाठीशी घेऊन आलं. चाकं टेकली तेव्हा निम्मी धावपट्टी मागे पडली होती. याही वेळी वर जायला हवं होतं, असं चौकशी अहवाल सांगतो. विमान टोकापलीकडच्या उतारावरून खाली कोसळलं. २१ जण गेले. त्यांत दोन्ही वैमानिक होते.