पहिला धडा : आधी पडा!

ज्युदोच्या क्लासला नाव घातलंय? वा! मग मनात काय चाललंय ते मी ओळखू? पहिल्याच दिवशी सर एखादा झकास डाव शिकवतील. मग सोसायटीतल्या त्या दांडगट पोराला आपण असं काही उचलून आपटू, की तो पुन्हा वाटेला जायचा नाही!

थांबा जरा. पहिल्या दिवशी आपटला जाणारा एकच जण असेल, तो म्हणजे तुम्ही. आणि तुम्हाला आपटणारेही तुम्हीच! कारण ज्युदोत सगळ्यांत आधी शिकवतात ते पडायला. या पडण्याच्या कलेला जपानी लोक ‘उकेमी’ म्हणतात.

“पडायला काय शिकायचं? ते तर आम्हाला रांगायच्या वयापासून येतं!” येतं हो, पण चुकीचं येतं. कसं, ते बघू या. त्याआधी क्लासच्या दारात चपला काढा.

मॅटवर जाण्याआधी

चपला दारात काढल्या, तरी मॅटच्या कडेपर्यंत जायला साध्या सपाता लागतात. मॅटवर मात्र अनवाणीच जायचं. मध्येच बाथरूमला जायचं झालं, तर सपाता पुन्हा घालायच्या. हा नुसता शिस्तीचा बडगा नाही. ज्या मॅटवर पाय ठेवायचा, त्याच मॅटवर थोड्या वेळानं तुमचा गाल टेकणार आहे! घाण, जंतू आणि नायट्याची बुरशी पायांबरोबर आत यायला नको.

नखं कापलेली हवीत. घड्याळ, बांगड्या, कानातलं, गळ्यातली साखळी सगळं घरी. केस लांब असतील तर रबरबँडनं बांधायचे, टोचणारी पिन नको. ज्युदोचा तो जाड, पांढरा अंगरखा पहिल्या दिवशी नसला तरी सहसा चालतं, ट्रॅकपँट आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट पुरतो. मॅटवर जाताना आणि जोडीदारासमोर उभं राहिल्यावर कमरेत वाकून नमस्कार करायचा. ‘हाजिमे’ म्हटलं की सुरू, ‘माते’ म्हटलं की थांबायचं. आणि जोडीदारानं तुम्हाला धरून ठेवलंय, तुम्हाला त्रास होतोय, तर त्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थोपटायचं. त्यानं त्या क्षणी सोडायचं. हा नियम काळ्या पट्ट्यालाही लागू आणि पांढऱ्यालाही!

मग धावणं, बेडूकउड्या, आणि पाठीवर पडून कोळंबीसारखं आकसत-पसरत मागे सरकणं. हसू येईल, येऊ द्या. अंग गरम झालं की सर म्हणतील, “चला, आता पडा!”

हात पुढे करायचा नाही!

तोल गेला की आपण काय करतो? विचार करायच्या आतच दोन्ही हात पुढे टाकतो. तोंड वाचावं म्हणून शरीर आपोआप करतं ते. पण त्यामुळे सगळा भार तळहातावर येतो. तिथून तो मनगटात, कोपरात आणि गळ्याजवळच्या हाडापर्यंत चढतो. शाळेत हाताला प्लॅस्टर घालून आलेल्या मुलांना विचारा, बरेच जण सांगतील, “पडताना हात टेकला!”

म्हणून ज्युदोत ही सवयच बदलायची. सुरुवात पडलेल्या अवस्थेतूनच करायची, म्हणजे आधी पाठीवर झोपायचं. हनुवटी छातीकडे ओढायची, नजर पट्ट्याच्या गाठीवर. दोन्ही हात वर उचलायचे आणि अंगापासून थोडे तिरके, मॅटवर फट्‌कन आपटायचे, तळवा खाली. हात खांद्याच्या रेषेत आडवा पसरला तर खांद्याला झटका बसतो. अगदी अंगाला चिकटून ठेवला तर तो अंगाखालीच चेंगरतो. म्हणून मधला तिरका कोन. मग हेच बसून, मग उकिडवं बसून, आणि शेवटी उभं राहून. अख्खा वर्ग फटाफट हात आपटतो तेव्हा लवंगी माळ लागल्यासारखा आवाज येतो!

दणक्याचं गणित

पडणं दुखत नाही, दुखतं ते थांबणं! एक मीटरवरून सोडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो, म्हणजे ताशी जवळजवळ १६ किलोमीटर. हा सगळा वेग शून्यावर यायचा असतो. तो किती अंतरात येतो, यावर दणका ठरतो.

त्याचा एक सोपा हिशेब आहे. पडण्याची उंची घ्या आणि तिला थांबण्याच्या अंतरानं भागा. उत्तर आलं, की दणका साधारण वजनाच्या तितक्या पट! एक मीटरवरून पडून एका सेंटिमीटरात थांबलात, तर १०० भागिले १, म्हणजे वजनाच्या १०० पट. पाच सेंटिमीटरात थांबलात, तर २० पट. माणूस काही दगड नाही, त्याचं अख्खं अंग एकाच वेळी टेकत नाही. म्हणून हा हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो.

आता उकिडवं बसून पडायचं का, ते कळलं? तेव्हा कंबर जमिनीपासून जेमतेम ३० सेंटिमीटरवर असते. मॅट आणि अंग मिळून ५ सेंटिमीटर दबलं, तर दणका फक्त सहापट. जपानमध्ये पूर्वी या मॅट भाताच्या पेंढ्याच्या असत, हल्ली आत दाबलेला फोम असतो. जाडी साधारण चार सेंटिमीटर. बोटानं दाबली तर कडकच लागते, पण पडताना जे काही मिलिमीटर दबते, त्यांचं मोल मोठं असतं.

घरी करून बघायचंय? (स्वतः पडून नाही हं, फरशीवर अजिबात नाही!) एक जुनी चादर घ्या. दोघांनी वरचे दोन कोपरे धरून ती उभी ताणायची आणि खालची कड उचलून झोळी करायची. तिसऱ्यानं चादरीच्या मध्यभागी कच्चं अंडं जोरात फेकायचं. अंडं फुटत नाही! चादर मागे सरकत सरकत त्याला थांबवते. भिंतीवर फेकलं तर काय होईल, ते आईला न विचारता करून बघू नका.

अंतराचा मुद्दा झाला, आता जागेचा. तोच जोर तळहाताएवढ्या जागेवर पडला तर हाड मोडेल. पाठ, दंड, हाताचा पुढचा भाग आणि तळवा अशा ऐसपैस जागेवर पसरला, तर नुसतं ‘फट्’ वाजेल. पाठ गोल करून पडलात तर आणखी फायदा. आधी कंबर, मग पाठ, मग खांदे असं एकामागून एक टेकत जातं आणि थांबायला वेळ मिळतो.

मग हात आपटणं हीच खरी जादू का? नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरातल्या संशोधकांनी हे तपासलं. त्यांचा शोधनिबंध २००७ मध्ये आला. ज्युदोसारख्या खेळांतल्या पद्धतीनं कुशीवर पडताना खुब्याच्या हाडावर बसणारा दणका बराच कमी होतो, असं त्यांना दिसलं. गंमत म्हणजे हात आपटला नाही, तरीही तो कमी झाला! खरं काम केलं ते गोल होऊन लोळण्यानं. त्या देशात वयस्क माणसांनाही असं पडायला शिकवतात, कारण उतारवयात खुब्याचं हाड मोडणं फार महागात पडतं.

हनुवटी कशाला आत?

तुमचा मेंदू कवटीत एका द्रवात तरंगत असतो. मोठ्या माणसाच्या मेंदूचं वजन सुमारे १४०० ग्रॅम, पण तरंगत असल्यामुळे त्याचा भार जाणवतो तो ५० ग्रॅमच्या आसपास. मस्त सोय आहे! पण डोकं मागे झटकून जमिनीवर आदळलं, की कवटी थांबते आणि मेंदू पुढे जातच राहतो. तो आतून कवटीवर आपटतो. म्हणून काहीही झालं तरी डोकं टेकवायचं नाही. सर पहिल्या तासात सगळ्यांत जास्त वेळा काय ओरडत असतील, तर “हनुवटी! हनुवटी!”

कोलांटीतही तेच. शाळेतली कोलांटी डोक्यावरून, ज्युदोतली खांद्यावरून. एका खांद्यापासून पाठीवर तिरकं, विरुद्ध कमरेपर्यंत. डोकं आणि मणके दोन्ही वाचतात. चार-पाच कोलांट्यांनंतर खोली गरगर फिरेल. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांतला द्रव अंग थांबलं तरी थोडा वेळ हलत राहतो, आणि मेंदूला वाटतं, अजून आपण फिरतोयच! दोन मिनिटं बसा, ओसरेल.

हे सगळं कुणी सुरू केलं?

जिगोरो कानो या शिक्षकानं. त्यांचा जन्म १८६० चा. लहानपणी अंगानं किरकोळ, त्यामुळे वसतिगृहातली दांडगी मुलं त्यांना छळायची. म्हणून ते जुजुत्सू ही जुनी झुंजकला शिकले. त्यातले धोकादायक प्रकार बाजूला ठेवून, मित्रावर पूर्ण जोरानं करता येतील आणि तरी मित्र उद्या पुन्हा खेळायला येईल, असे डाव त्यांनी निवडून बसवले. १८८२ मध्ये टोकियोच्या एइशोजी देवळात अवघ्या १२ चटयांच्या जागेत त्यांची शाळा सुरू झाली. तीच कोदोकान. पुढे १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो आला. मुलींना पदकासाठी खेळायला मात्र १९९२ च्या बार्सिलोनापर्यंत थांबावं लागलं.

मित्रावर पूर्ण जोर लावायचा, तर मित्राला पडता आलंच पाहिजे. म्हणून उकेमी आधी, डाव नंतर!

आणि डाव?

पहिल्या तासाच्या शेवटी कदाचित एखादा सोपा डाव दाखवतील. त्याचं गुपित ताकदीत नाही, तोलात आहे. भिंतीला पाठ आणि टाचा चिकटवून उभे राहा. समोर पायांपाशी रुमाल टाका. आता गुडघे न वाकवता आणि टाचा न हलवता तो उचला बघू! नाही ना जमत? खाली वाकलं की कंबर मागे जायला हवी, म्हणजे तोल सांभाळतो. भिंत ती जाऊ देत नाही. शरीराचा तोलबिंदू पावलांच्या पुढे गेला, की पडायलाच होतं. ज्युदोचा खेळाडू आधी जोडीदाराचा हा बिंदू ओढून बाहेर काढतो, मग फेकतो. वेगानं, जोरात आणि ताबा ठेवून पाठीवर पाडलं, की ‘इप्पोन’, सामना खलास! आपल्या कुस्तीतही दोन्ही खांदे टेकले की चीतपट, नाही का? फेकल्यावरही जोडीदाराची बाही सोडायची नाही, वर ओढून धरायची. तो नीट पडावा ही जबाबदारी फेकणाऱ्याचीही असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना मान आणि पोट दुखेल. घाबरू नका, तासभर हनुवटी उचलून धरल्याचं ते बक्षीस आहे! नव्या कामानं स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, ती भरून येताना दोन-तीन दिवस ठणकतं. पण ठणका वाढत गेला किंवा हाडाजवळ सूज आली, तर सरांना आणि घरी लगेच सांगायचं.

आता जाता जाता एक गणित. उंच उडीचा खेळाडू दांडीवरून सुटून गादीवर दीड मीटर खाली पडतो. गादी अर्धा मीटर दबते. त्याला दणका किती पट? उत्तर काढा आणि उकिडवं बसून पडणाऱ्या तुमच्या सहापटीशी ताडून बघा. जास्त उंचावरून पडूनही कुणाला कमी लागलं?