गादी कोणाची आणि वावर कोणाचे?

१९३६ साली हैदराबादच्या निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. त्या काळी अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या जिल्ह्यांचा कारभार नागपूरहून चालत असे, निजामाचा त्यात काडीचाही हात नव्हता. १८५३ च्या तहाने, कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी, हा कापसाचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली झाला. १९०२ साली लॉर्ड कर्झनने तो वार्षिक २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमचा पट्ट्याने घेतला. पुढच्या निजामाने तो परत मागितला, तेव्हा १९२६ साली लॉर्ड रीडिंगने त्याला कडक शब्दांत नकार दिला. दहा वर्षांनी सार्वभौमत्व निजामाचे व अंमल इंग्रजांचा, अशी तडजोड झाली. या ऐंशी-त्र्याऐंशी वर्षांच्या देवघेवीत वऱ्हाडच्या कास्तकाराला कोणीही एका शब्दाने विचारले नव्हते.

न विचारताही त्याचे वावर मात्र त्याच्याकडे राहिले. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे मोजणी व जमाबंदी झाली आणि जो कसतो व सारा भरतो त्याचे नाव खात्यावर चढले. पुढे सावकाराने कित्येकांची वावरे गिळली, ती कथा निराळी. गादीवर कोण आहे या प्रश्नाचा आणि धुऱ्याच्या आत कोणाचे औत चालते या प्रश्नाचा येथे संबंध उरला नाही, इतकेच मला सांगावयाचे आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात सार्वभौमत्व व मालकी यांतील भेद शिकविताना मी हेच उदाहरण देतो. गेली काही वर्षे विद्यार्थी त्यावर पॅलेस्टाईनविषयी विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण तेथे नेमके उलटे घडले.

तुर्की साम्राज्याने १८५८ साली जमिनीचा कायदा केला. हेतू महसुलाचाच होता. परंतु नाव नोंदविले की कर वाढेल आणि पोराला फौजेत नेतील, या भीतीने अनेक फेलाहीन, म्हणजे तेथील कुळवाडी, नोंदणीपासून दूर राहिले. गावाची सामाईक जमीन शहरातील प्रतिष्ठितांच्या नावे लागली. वर्धा नदीच्या पलीकडे आपल्याच नागपूर प्रांतात मालगुजारांना गावेच्या गावे मालकीने मिळाली होती, त्याचीच ही आवृत्ती म्हणता येईल. फरक पुढचा आहे. आपल्याकडे १९५०-५१ मध्ये मालगुजारी संपली. तेथे बैरूतच्या सुरसुक घराण्यासारख्या दूरस्थ मालकांनी यिझ्रएल खोऱ्यातील विस्तीर्ण जमिनी विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात ज्यू संस्थांना विकल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळे उठली. व्यवहार कायदेशीर होता, पैसे मोजलेले होते, हे मान्य केलेच पाहिजे. ज्यू राष्ट्रीय निधी ही १९०१ साली स्थापन झालेली संस्था एकदा घेतलेली जमीन पुन्हा विकत नसे, केवळ पट्ट्याने देत असे. बाजारात एकदा आलेली जमीन याप्रमाणे बाजारातून कायमची उठत होती.

तरीही १९४७ पर्यंत खरेदीने ज्यूंच्या मालकीत आलेली जमीन सर्व प्रदेशाच्या सुमारे ७ टक्केच होती. लोकसंख्येत त्यांचा वाटा एक तृतीयांश होता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने फाळणीची जी योजना संमत केली तिने निम्म्याहून अधिक भूमी ज्यू राज्यास देऊ केली. भारताने त्या ठरावाविरुद्ध मत दिले. युरोपात साठ लाख ज्यूंचा संहार नुकताच झाला होता आणि वाचलेल्यांना थारा देण्यास मोठमोठी राष्ट्रे राजी नव्हती, ही गोष्ट विसरून त्या मतदानाचा विचार करणे हा अन्याय होईल. पण युरोपचे कर्ज पॅलेस्टिनी कुळाच्या खात्यावर चढविले गेले, हेही तितकेच खरे. अरब राज्यांनी योजना नाकारली, युद्ध झाले, आणि सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरादारांस मुकले.

त्यानंतर जे झाले ते युद्धभूमीवर नव्हे, कचेरीत झाले. इस्रायलने १९५० साली 'गैरहजर मालकांच्या मालमत्तेचा' कायदा केला. फाळणीच्या ठरावाच्या दिवसापासून जो आपल्या राहत्या ठिकाणाहून निघून शत्रूच्या ताब्यातील भागात गेला, त्याची जमीन सरकारी विश्वस्ताकडे जाई. शेजारच्या गावी आसरा घेतलेले आणि पुढे इस्रायलचे नागरिक झालेले अरबही त्यात सापडले. त्यांना 'हजर असलेले गैरहजर' असे नाव पडले. पंचवीस वर्षे हजेरी घेणाऱ्या मजसारख्या मास्तरालाही ही वर्गवारी कधी सुचली नसती! दुसऱ्या अंगाने पाहिले तर इराकने १९५१ साली देश सोडणाऱ्या ज्यूंची मालमत्ता गोठविली. अरब देशांतून निघालेल्या लाखो ज्यूंनाही मागे राहिलेल्या घराचा मोबदला मिळाला नाही. कागदाने माणूस उठविण्याची कला एका पक्षाची मक्तेदारी नव्हे.

या हिशेबात आपली मराठी माणसेही आहेत, हे वऱ्हाडात फारसे कोणास ठाऊक नसते. अलिबाग, पेण, रेवदंड्याकडचे बेने इस्रायल, म्हणजे तेल गाळणारे 'शनिवार तेली', पेणकर, रोहेकर, दिवेकर अशा आडनावांचे, १९४८ नंतर हजारोंनी इस्रायलला गेले. डिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामले येथे त्यांची वस्ती झाली. तेथून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघत आले आहे. धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणाविषयी, विशेषतः विवाहसंबंधांविषयी, शंका काढली तेव्हा त्यांनी निदर्शने केली, आणि १९६४ साली ते पूर्ण ज्यू असल्याची मान्यता मिळविली. हा लढा आपल्याला अभिमानास्पद वाटतो आणि वाटावाही. परंतु ज्या लोद व रामलेत त्यांना घरे मिळाली त्या गावांतून जुलै १९४८ मध्ये पन्नास हजारांहून अधिक अरबांना बाहेर काढण्यात आले होते. कोकणातून बोटीने आलेल्या कुटुंबाने कोणाचे घर हिसकावले असे मी म्हणत नाही. सरकारने जेथे पाठविले तेथे ते गेले. पण एकाच्या पुनर्वसनाची जागा दुसऱ्याच्या विस्थापनातून निघाली, आणि मे २०२१ मध्ये त्याच लोदच्या रस्त्यांवर अरब व ज्यू शेजारी एकमेकांवर धावून गेले, तेव्हा त्या गावात मराठी बोलणारी घरेही होती.

नुकसानभरपाईने हे सारे मिटेल असे सांगणारे माझे व्यवसायबंधू पुष्कळ आहेत. मीही कधी काळी तसे लिहिले आहे. नंतर माझ्या मामांचे वावर एका धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेले. वाढीव मोबदल्याचा दावा इतकी वर्षे चालला की निकालाचा कागद मामेभावाने घेतला. रक्कम वाईट नव्हती. तीत एका मुलीचे लग्न झाले, एक मोटारसायकल आली, आणि उरलेल्यातून तालुक्याच्या गावी दीड खोली. मामींना मात्र आजही पेरणीच्या दिवसांत घरात करमत नाही. जमिनीची किंमत म्हणजे तिच्या उत्पन्नाचे भांडवली मूल्य, हे सूत्र मी फळ्यावर अजूनही लिहितो, कारण परीक्षेत ते विचारतात.

१९६७ च्या युद्धानंतर पश्चिम किनाऱ्याचा प्रदेश इस्रायलच्या ताब्यात आला. वसाहतीसाठी खाजगी जमीन लष्करी गरजेच्या नावाखाली घेण्यास १९७९ साली एलोन मोरे प्रकरणात इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने अटकाव केला, ही त्या न्यायालयाच्या लौकिकाची गोष्ट. पण सरकारने लगेच १८५८ चा तुर्की कायदा कपाटातून काढला. सरकारी वहिवाटीची जमीन तीन वर्षे पडीत राहिली तर ती परत सरकारजमा होते, असे त्यात एक कलम आहे. त्याच्या आधारे मोठमोठी क्षेत्रे 'सरकारी जमीन' म्हणून जाहीर झाली. तीन वर्षे! पातूर, बार्शीटाकळीकडच्या कोरडवाहू कास्तकाराला हे कलम लावून पाहावे. बियाण्याला पैसा नाही म्हणून, पाऊस नाही म्हणून, घरात आजार आहे म्हणून वावर पडीत टाकावे लागणे हा येथील दुर्मीळ अनुभव नव्हे. ओस्लो करारानंतरच्या १९९५ च्या वाटणीत या प्रदेशाचा सुमारे ६० टक्के भाग 'क' क्षेत्र म्हणून पूर्णपणे इस्रायली अंमलाखाली राहिला, आणि तो पाच वर्षांपुरता समजला गेला होता. पूर्व जेरुसलेम वगळूनही आज पश्चिम किनाऱ्यावर सुमारे पाच लाख वसाहतवाले राहतात.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १२०० माणसे मारली आणि अडीचशे ओलीस नेले. त्या अमानुषतेला कोणतेही सात-बारा समर्थन देऊ शकत नाही. त्यानंतर गाझात दसहजारांनी जे मेले, ज्यांत बायकामुले मोठ्या संख्येने होती, त्यालाही नाही. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पॅलेस्टिनी प्रदेशांवरील कब्जा बेकायदा असल्याचे मत दिले. वर्तमानपत्रांत या मोठ्या बातम्या आल्या. त्या गर्दीत एक लहान बातमी हरवली.

जॉर्डनच्या अमदानीत पश्चिम किनाऱ्यावर जमीनमोजणी व हक्कनोंदणी चालू होती. सुमारे एक तृतीयांश काम झाले असता १९६७ चे युद्ध आले आणि ती थांबली. मे २०२५ मध्ये इस्रायलच्या सुरक्षा मंत्रिमंडळाने 'क' क्षेत्रात ती नोंदणी पुन्हा सुरू करण्याचे ठरविले. कानाला हे किती निरुपद्रवी लागते! आपल्या वऱ्हाडात अशाच मोजणीने कास्तकार तगला. परंतु आपल्याकडे मोजणीदार बांधावर आला तेव्हा कसणारा बांधावर उभा होता, शेजाऱ्याची साक्ष होती, पाटील होता. तेथे ज्याने हरकत घ्यावयाची तो कित्येकदा अम्मानमध्ये किंवा लेबनॉनच्या छावणीत आहे, त्याच्या आजोबांनी करभयाने नाव लावलेले नाही, आणि पुरावा सिद्ध न झाल्यास जमीन सरकारच्या नावे चढते.